पाईन रिजहून आईबाबांना

पाईन रिज, साउथ डकोटा
२३ फेब्रुवारी

ती. बाबा व सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. शाळा, घर, जेवण नेहमीसारखंच, ते पुन्हा लिहीत नाही. दोन रविवार फोन झाला नाही म्हणून आई, तू घाबरली असशील. आजारी नव्हते. इथे एका मुलीचं, जाऊन वर्ष झाल्याचं, वर्षाचं कार्य होतं आणि त्याच्या तयारीत सगळं गाव गुंतलं होतं, त्यात मीही होते.

मागच्या वर्षी फोनवर "शाळेतली एक बाई वारली" एवढंच बोलले होते, तीच ही. बाई कसली, सव्वीस वर्षांची पोर. लाकोटा, म्हणजे इथल्या मूळ आदिवासी जमातीची. सहावी-सातवीच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायची. मागे तीन वर्षांची लेक आहे. रात्री बर्फावरून गाडी घसरली. हे तेव्हा सांगितलं नाही, कारण बाबांनी त्याच दिवशी मला गाडी विकायला लावली असती आणि इथे गाडीवाचून दूधसुद्धा घरात येत नाही. लपवलं, चुकलं माझं.

पण बाबा, गाडी कशी चालवायची ते मला नीट माहीत आहे. डांबर नुसतं ओलं दिसतं, तो खरा धोक्याचा बर्फ. तो आधी पुलावर धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. गाडी घसरली तर ब्रेक दाबायचा नाही. पाय उचलायचा आणि जायचं असेल तिकडेच चाकं वळवायची. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. डिकीत फावडं, घोंगडी, मेणबत्ती, काडेपेटी आणि वाळूची पिशवी कायम असते. अडकलंच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. तासाला दहा मिनिटं इंजिन चालू करायचं, पण आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, नाहीतर विषारी धूर आत भरतो. हे सगळं मी करते. आता त्याची काळजी करू नका.

त्या मुलीबद्दल लिहायला हवं. इथे बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे एकेकाळी कबड्डी होती तसा, गल्लीगल्लीत. घरापुढच्या खांबाला रिंग ठोकलेली, खाली माती. यांचा खेळ वेगाचा. समोरच्याला पूर्ण मैदानभर दाबून धरायचं आणि चेंडू मिळाला की थांबायचं नाही. ती लहान मुलींना पहिली गोष्ट हीच शिकवायची. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत उसळलेला चेंडू, हातात आला की टप्पा मारायचा नाही. हनुवटीखाली दोन्ही कोपरं बाहेर काढून चेंडू धरायचा, जवळच्या बाजूच्या रेषेकडे वळायचं आणि तिकडे उभ्या असलेल्या मुलीला पास द्यायचा. मधोमध पास दिला तर तो मधेच कापला जातो आणि समोर आपलीच रिंग उघडी पडते. मुलींकडून हे शंभर शंभर वेळा करून घ्यायची. बाळंतपणानंतर ती स्वतःही बायकांच्या स्पर्धांत परत उतरली. लेक बाकावर आजीच्या मांडीवर असायची. लाकोटात आजीला 'उंची' म्हणतात. ती पोर 'उंची' म्हणून हाक मारते तेव्हा मला अजून क्षणभर कळत नाही.

असं कोवळ्या वयात जाणं या गावाला नवं नाही. सूअॅन बिग क्रो नावाची मुलगी इथलीच. एका सामन्यात ६७ गुण करणारी. १९८९ च्या राज्य अजिंक्यपदात शेवटच्या क्षणी तिने टाकलेल्या बास्केटवर पाईन रिजच्या मुली जिंकल्या. ९ फेब्रुवारी १९९२ ला, अठरा पूर्ण व्हायच्या आधीच, पुरस्कार घ्यायला ह्यूरॉनला जाताना तीही रस्त्यावरच गेली. तिच्या नावाचा मुलांचा क्लब गावात आहे. तिशीतल्या प्रत्येक बाईला तिची गोष्ट आईकडून मिळालेली आहे. रॅपिड सिटीला दर डिसेंबरला लाकोटा नेशन इन्व्हिटेशनल ही बास्केटबॉलची मोठी स्पर्धा भरते, तिथे लहान मुली अजून तिच्याविषयी बोलतात. आमच्या मुलीला कुणी सूअॅन म्हणत नव्हतं. पण तिच्या शिकवणीतल्या पोरी आता म्हणतील, असं मला वाटतं.

आता इथली एक रीत लिहिते. तुम्हाला ती पटणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माणूस गेल्यावर घरचे वर्षभर वस्तू जमवतात आणि वर्ष झालं की त्या सगळ्या वाटून टाकतात. वाटायला घ्यायचं म्हणून कर्ज काढलेलीही माणसं आहेत. बाबा, तुम्ही म्हणाल, ही उधळपट्टी झाली. इथे ज्याने जास्त दिलं तो मोठा, ज्याने साठवलं तो नव्हे. १८८३ साली अमेरिकन सरकारने जे नियम काढले, त्यात मृत्यूच्या वेळी मालमत्ता वाटून-मोडून टाकणं हा गुन्हा ठरवला होता. रेशन बंद व्हायचं, कैद व्हायची. तरी रीत टिकली. मी कुणाला शहाणपण शिकवायला गेले नाही, आणि तुम्हीही माझ्यावर त्यासाठी रागावू नका.

वाटण्यात सर्वांत मोठा मान ताऱ्याच्या गोधडीला. आई, हे तुझ्यासाठी. आपली गोधडी जुन्या लुगड्यांची, वरून धावदोरा. ही पूर्ण नव्या सुती कापडाची आणि वरचा थर सगळा जोडकामाचा. पूर्वी बायसनची कातडी पांघरत. बायसन मारून संपवले गेले, मिशनऱ्यांनी बायकांना शिवण शिकवलं आणि कातड्याची जागा या गोधडीने घेतली. मधोमध आठ टोकांचा पहाटेचा तारा. प्रत्येक टोक म्हणजे मोठा हिऱ्याचा, शंकरपाळ्यासारखा आकार, त्यात आठ ओळी, ओळीत आठ छोटे हिरे. एका टोकात ६४, आठ टोकांत ५१२.

एवढे हिरे एकेक कापत बसत नाहीत. कापडाच्या आडव्या, पूर्ण पन्ह्याच्या अडीच इंची पट्ट्या काढायच्या. आठ पट्ट्या एकीला एक जोडायच्या, पण प्रत्येक पुढची पट्टी अडीच इंच सरकवून, जिन्यासारखी. मग त्या जोडाला ४५ अंशांत तिरपं कापून परत अडीच इंची तुकडे काढायचे. एका तुकड्यात आठ हिऱ्यांची आयती ओळ मिळते. असे आठ वेगळे जोड केले की प्रत्येकातून एकेक ओळ घेऊन एक टोक तयार होतं. पट्ट्या एकूण ६४, म्हणजे फक्त ताऱ्याला साडेचार वार कापड. रंग मधून बाहेर पंधरा पायऱ्यांनी बदलतात. मधल्या रंगाचे हिरे ८, आठव्या पायरीचे ६४, टोकाला पुन्हा ८. म्हणून कोणता रंग किती घ्यायचा ते आधी कागदावर मांडावं लागतं. इथल्या बायका ते तोंडी सांगतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं मधोमध. तिरपी कापलेली कड ओढली की ताणते. शिलाई पाव इंचाची, आणि तीत सुताएवढा फरक पडला तरी आठ टोकं जुळवेपर्यंत तो आठपट होतो. मग ताऱ्याचा मध्य टोपीसारखा वर फुगतो, इस्त्रीने बसत नाही. म्हणून कापल्या कापल्या हात न लावता ठेवायचं, इस्त्री घासायची नाही, वरून दाबायची. दुसरं, कोपऱ्यांत. दोन टोकांच्या मधे चार चौकोन आणि चार त्रिकोण बसतात. टोकं जोडताना शिलाई कडेपर्यंत न्यायची नाही, पाव इंच आधी टाका पक्का करून थांबायचं. कडेपर्यंत गेलं की चौकोन बसवताना चुणी पडते आणि उसवण्यावाचून इलाज नसतो. चौकोन साडेबावीस इंचांचा लागतो, पण चोवीसचा कापून नंतर छाटतात. तारा पूर्ण झाला की सत्त्याहत्तर इंचांचा चौरस होतो, मग चारी बाजूंनी काठ.

त्या गेलेल्या मुलीच्या आईने एक गोधडी वाटायची नाही म्हणून वेगळी शिवून घेतली. तिच्या मधल्या आठ हिऱ्यांना मुलीची शाळेतली लाल जर्सी वापरली. ते कापड जाळीचं आणि ताणणारं, तसंच कापलं तर वेडंवाकडं होतं. आधी पाठीमागे इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावलं, वर सुती फडकं टाकून, इस्त्री मंद ठेवून, नाहीतर कापड वितळतं. कापायचं नंतर. एका हिऱ्यात पाठीवरच्या आकड्याचा पांढरा कोपरा आला. तो काढून टाकावा का असं विचारलं तर तिच्या आईने नाही म्हणून मान हलवली आणि तो तुकडा नातीच्या हाती दिला. तिने तो गालाला लावला. शिवताना तोच तुकडा सगळ्यांत शेवटी राहिला होता.

शुक्रवार-शनिवार तिच्या नावाची बायकांची स्पर्धा झाली. आठ संघ, दोनदा हरला तो बाहेर, म्हणजे चौदा किंवा पंधरा सामने. जिम एकच, म्हणून घड्याळ न थांबवता खेळवतात, तरच दोन दिवसांत आटपतं. पहिल्या सामन्याला पंच वेळेवर आले नाहीत की रात्रीचा शेवटचा सामना मध्यरात्री सुरू होतो. या वेळी आले. पहिल्या सामन्याआधी ढोलावर तिच्या मानाचं गाणं झालं, सगळे उभे होते.

रविवारी जेवण. बसण्याआधी प्रत्येक पदार्थाचा घास एका ताटलीत काढून बाहेर ठेवतात, गेलेल्यांसाठी. आपण काकघास ठेवतो तोच भाव. वाळवलेल्या मांसाचं सूप, वास्ना (वाळलेलं मांस चरबी आणि बेरींबरोबर कुटून केलेलं), तळलेली भाकरी आणि बेरींचं दाट वोझापी. आई, मी शेवटचे दोनच खाते, विचारू नकोस. आलेली माणसं घरून भांडी आणतात आणि उरलेलं भरून नेतात, त्याला 'वातेचा' म्हणतात. डबा नेला नाही तर उलट वाईट वाटतं यजमानाला.

मग अश्रू पुसण्याचा विधी. वर्षभर दुःखात असलेल्यांचे केस विंचरतात, पाणी पाजतात आणि आता पुन्हा माणसांत या म्हणून सांगतात. गेल्या वर्षी तिच्या आईने केस कापले होते, आता खांद्याला लागलेत. त्यानंतर वाटप. गोधड्या भिंतीला दोरीवर टांगलेल्या. पुकारणारा नाव घेतो, माणूस पुढे येतो, वस्तू घेऊन घरच्या रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवतो. आधी ज्यांनी खड्डा खणला, रात्र जागवली, गाणी म्हटली, स्वयंपाक केला ते. मग म्हातारी माणसं, लांबून आलेले. शेवटी सगळ्यांना काहीतरी, टॉवेल, मग, कपड्यांची टोपली. रिकाम्या हाताने कुणी जात नाही आणि नाही म्हणायचं नसतं.

पोरगी आता मावशीकडे आहे. लाकोटात आईलाही 'इना' आणि आईच्या बहिणीलाही 'इना'च. माय मरो पण मावशी जगो, हे आजी म्हणायची ते मला तिथे बसून आठवत होतं.

आजीचं वर्षश्राद्ध जानेवारीत झालं आणि मी नव्हते. परक्यांच्या मुलीला रविवार दिला आणि आजीला दिला नाही, असं आत्या म्हणाली ते मला कळलं. तिला सांगा, सुट्टी नव्हती हे खरं आहे. पण ते पुरेसं कारण नाही हेही मला माहीत आहे.

आता कामाचं. या महिन्यात दीड लाखाऐवजी सव्वा लाख पाठवलेत. हिवाळी टायर घेतले, ते आवश्यकच होते. स्लॅबच्या हप्त्याला अडचण येणार नाही, मार्चमध्ये भरून काढते. व्हिसा तीन वर्षांचा आहे, पुढे वर्ष-दोन वर्षं वाढू शकतो. वाढवायचा की नाही ते मी ठरवलेलं नाही, म्हणून पुण्याच्या त्या स्थळाला तसं खरं सांगा, ताटकळत ठेवू नका. मुलगा चांगला आहे, माझी तक्रार नाही. चि. अमोलचं लग्न १० मेला ठेवलंत, शाळा मेअखेर संपते. मी तारीख पुढे न्या म्हणाले असते तर तुम्ही नेली असती, म्हणूनच म्हणाले नाही. जूनमध्ये येते, तिकीट काढते आहे.

वाटपात माझंही नाव पुकारलं. शिवणात मदत केली म्हणून मला निळी-पिवळी गोधडी मिळाली. ती पार्सलने पाठवली आहे. दिवसकार्यातली वस्तू लग्नघरात कशाला, असं म्हणाल तर अमोलच्या लग्नात मांडू नका. आजीच्या खाटेवर घाला. आई, पहिल्यांदा थंड पाण्यात एकटीच धू, काठाच्या लालचा रंग सुटतो. पिळू नकोस, सावलीत आडवी वाळव. उभी टांगलीस तर ओल्या वजनाने तारा ताणेल.

चि. अमोलला अनेक आशीर्वाद. आत्याला नमस्कार सांगा.

तुमची,
वैशाली