पिकअप बदलण्याआधी तारा बदला

संपादक महोदय,
स. न.

बास गिटारचा आवाज दबका येतो, स्वर एकमेकांत मिसळून जातात, अशी तक्रार कोणी केली की त्याला पहिला सल्ला मिळतो तो पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेला त्यांची कंपने विजेच्या संकेतात उतरवणारा भाग, बदलण्याचा. वाद्यदुरुस्तीत काम करणारे म्हणून आमचे म्हणणे असे, की हा सल्ला सहसा उलट्या टोकापासून सुरू होतो. आधी तारा, मग नेक (वाद्याची लांब मान), मग ॲक्शन (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, यांपासून तारांची उंची), मग आहे त्याच पिकअपची उंची, आणि एवढे करूनही आवाज पटला नाही तरच नवा पिकअप. हा क्रम का, ते मोजमापांसकट लिहितो. वाचकांच्या पत्रांत इतकी जागा मिळावी, ही विनंती.

पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. त्यातले चुंबक वरच्या पोलादी तारेला चुंबकत्व देते. तार हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यातून विजेचा क्षीण संकेत निघतो. म्हणजे तारेत जे नाही ते पिकअपमध्ये येणार नाही, मग तो कितीही नावाजलेला असो. खालची ई तार ४१.२ हर्ट्झला लागते. लहान स्पीकरमधून हा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही. ८२, १२४, १६५ हर्ट्झचे वरचे अंशस्वर ऐकून कान तो मनाशी जुळवतो. बासच्या तारेत आत एक तार आणि तिच्याभोवती बारीक तारेचे वेढे असतात. घाम आणि मळ या वेढ्यांत साचला की आधी हेच वरचे अंशस्वर मरतात, आणि बास ‘ऐकू येत नाही’ म्हणतात ते त्यामुळे. तारा उकळून मळ निघतो हे खरे, पण हा उपाय एकदोनदाच चालतो आणि नंतर तारा नीट कोरड्या केल्या नाहीत तर गंजतात.

तार जुनी झाली म्हणजे वाईटच, असे मात्र नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन आपल्या प्रिसिजन बासवर (फेंडर कंपनीचे एक मॉडेल) सपाट वेढ्याच्या तारा लावत आणि तुटेपर्यंत बदलत नसत, असे सांगतात. तो भरीव, ठोकळ आवाज आजही अनेकांना हवा असतो. उलट ‘द हू’ बँडचे बासवादक जॉन एन्टविसल यांच्यासारख्यांना पियानोसारखी धार हवी होती, आणि ती साठच्या दशकात रोटोसाउंडच्या गोल वेढ्याच्या तारांनी दिली. गोल वेढा म्हणजे चमक आणि बोटांची खरखर, सपाट वेढा म्हणजे गोलाई. नायलॉनच्या पट्टीने मढवलेल्या तारा त्याहून मऊ बोलतात आणि आत पोलाद असल्यामुळे साध्या पिकअपवर चालतात. स्टेनलेस स्टीलच्या तारा निकेल मुलामा दिलेल्या तारांपेक्षा तेज वाजतात, पण फ्रेट लवकर झिजवतात. एका जोडीच्या तारांत जेवढा फरक पडतो, तेवढा कित्येकदा पिकअप बदलूनही पडत नाही.

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. नेहमीचा संच ४५-६५-८५-१०५, आणि पाचवी बी तार १३०च्या आसपास. ३४ इंची स्केलवर, म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असताना, अशा चार तारांची एकूण ओढ ७५ किलोंच्या घरात जाते. सपाट वेढ्याच्या तारांची ओढ साधारणपणे याहून जास्त असते. म्हणून तारांची जात किंवा जाडी बदलली की सेटअप, म्हणजे नेक, ॲक्शन वगैरेंची जुळवणी, पुन्हा करावाच लागतो. ‘तारा बदलल्यापासून वाद्य बिघडले’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

तारा चढवण्यातही चुका होतात. ३०, ३२ आणि ३४ इंची स्केलच्या तारा वेगळ्या असतात. लहान स्केलच्या वाद्यावर लांब तार चढवली तर तिचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तिथेच मोडतो. तार खुंटीपाशी आणून पुढे १० ते १२ सेंटिमीटर सोडा, तिथे काटकोनात वाकवा आणि मगच वाकाच्या पलीकडे कापा. न वाकवता कापल्यास, विशेषतः आतली तार गोल असेल तर, वेढा सैल पडतो आणि नवी तार पहिल्या दिवसापासून मुकी वाजते. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेत, तेही वरून खाली जाणारे, म्हणजे नटवर (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) तार नीट दाबून बसते. गुंडाळताना तारेला पीळ पडू देऊ नका. तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. सुरात लावल्यावर सॅडलच्या (ब्रिजवर, म्हणजे वाद्याच्या दुसऱ्या टोकाला, तार टेकते तो तुकडा) पुढे आणि नटच्या दोन्ही बाजूंना तार बोटाने हलकेच दाबा. तिथे तार कमानीसारखी उचललेली राहिली तर स्वर डळमळतो, आणि दोष नाहक पिकअपच्या माथी जातो.

आता नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेटमधली फट फीलर गेजने (मोजक्या जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजा. ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर असावी. तारेला हलायला जागा लागते, म्हणून नेकला हा एवढा बाक हवाच. वाद्य वाजवण्याच्या स्थितीत धरून मोजा. टेबलावर आडवे ठेवले की नेक स्वतःच्या वजनानेही थोडी हलते.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक जुळवणारी सळई, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळायचा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. आवळण्याआधी तारा थोड्या सैल करा, मग पुन्हा सुरात लावून मोजा. लाकूड सावकाश बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघा. सर्वांत जास्त नुकसान होते ते चुकीच्या पान्याने. अनेक फेंडर बासच्या ट्रस रॉडला ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिलिमीटरची ॲलन की लागते. त्यात ४.५ची घातली तर ती सैल फिरते आणि रॉडच्या नटचे कोपरे झिजवते, ५ची तर शिरतच नाही. इंचाच्या जागी मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून वापरला, की पुढची दुरुस्ती नेकचीच. आणि पाना फिरतच नसेल तर जोर लावू नका, तिथेच थांबा.

ट्रस रॉडने ॲक्शन कमी करणे ही सगळीकडे आढळणारी चूक आहे. रॉड फक्त बाकासाठी असतो, तारांची उंची सॅडलवर ठरते. सतराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजायचे. फिंगरबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पट्टीच्या) गोलाव्याची त्रिज्या ९.५ ते १२ इंच असेल तर ई तारेला सुमारे २.४ आणि जी तारेला २ मिलिमीटर. जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंची गोलाव्यावर २.८ आणि २.४. ही सुरुवातीची मापे. बोटांचा जोर ज्याचा जास्त, त्याला ॲक्शनही जास्त लागते. तंबोऱ्याच्या जवारीत जो झंकार आपण मुद्दाम काढतो, तो इथे फ्रेटवर नको असतो. तरीही ॲम्प्लिफायरमधून ऐकू न येणारी बारीकशी झणझण घालवण्यासाठी तारा उगाच उंच करण्यात अर्थ नाही.

झणझण कुठे येते त्यावरून तिचे कारण कळते. फक्त पहिल्या चारपाच फ्रेटवर येत असेल तर नेक प्रमाणाबाहेर सरळ झालेली आहे. बाराव्याच्या पुढे येत असेल तर ॲक्शन कमी आहे, किंवा नेकचे बॉडीकडचे टोक वर उचललेले आहे. एकाच फ्रेटवर येत असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे किंवा सुटला आहे, आणि हे काम कानशीचे आहे, स्क्रूचे नाही. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नटची खाच खोल गेली आहे. नट तपासायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, केसभर फट दिसली पाहिजे. खाच उंच असली तर पहिल्या दोनतीन फ्रेटचे स्वर चढे लागतात, आणि ते ब्रिजवर कितीही खटपट केली तरी उतरत नाहीत.

हे झाल्यावर इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे स्वर सुरात लागणे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर एक यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरा असेल तर पुढे आणा. स्क्रू फिरवताना तार सैल करा आणि छेडताना हात हलका ठेवा, कारण जोराने छेडलेली जाड तार सुरुवातीला चढीच बोलते. जुन्या तारांवर हे काम करणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, कारण मळाने आणि झिजेने तारेचे वजन ठिकठिकाणी बदललेले असते.

आता वळू या पिकअपकडे. आधी त्याची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेच्या तळापासून पिकअपच्या पोलच्या (चुंबकाच्या खांबाच्या) माथ्यापर्यंत मोजा. फेंडरच्याच जॅझ बास या मॉडेलच्या धर्तीच्या पिकअपला ई बाजूला २.८ आणि जी बाजूला २ मिलिमीटर हे सुरुवातीचे माप. पिकअप जितका जवळ तितका आवाज मोठा, म्हणून लोक तो वर चढवत नेतात. पण चुंबकाची ओढ वाढली की तारेचे हलणे अडते, स्वर लवकर विझतो, त्यात डुगडुगणारा दुसरा सूर येतो आणि इंटोनेशन हाती लागत नाही. अर्धा मिलिमीटर खाली उतरवल्याने मोकळी झालेली वाद्ये पुष्कळ असतात. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला पिकअप थोडा वर ठेवून दोघांचा आवाज जुळवावा. स्क्रू सैल करूनही पिकअप वर येत नसेल तर त्याखालचा फोम दबून गेला आहे. नवा फोम घालणे, एवढेच काम असते.

सर्किटचेही तसेच. जॅकचा (केबल खोचायच्या जागेचा) नट सैल होतो, अख्खा जॅक फिरू लागतो आणि आतली वायर तुटते. पॉट (आवाज वा टोन कमीजास्त करणारे बटण) खरखरत असेल तर आधी इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल तर कुठेतरी अर्थ आणि संकेताच्या वायरी उलट जोडल्या आहेत, किंवा ब्रिजची अर्थ वायर निसटली आहे. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेल्या, बासमध्ये केबल खोचली की ९ व्होल्टची बॅटरी चालू होते. वाद्य ठेवून देताना केबल काढली नाही तर बॅटरी उतरत राहते, आणि उतरलेली बॅटरी आवाज फाडते. यावरही ‘पिकअप गेला’ असा निष्कर्ष निघतो!

इतके करूनही मनासारखा आवाज येत नसेल तर पिकअप जरूर बदला, पण माहिती घेऊन. प्रिसिजन बास १९५१ मध्ये आला तो एका वेटोळ्याचा पिकअप घेऊन. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, एक ई-ए तारांखाली, दुसरा डी-जी तारांखाली. त्यांची वेटोळी आणि चुंबके परस्परांच्या उलट असतात, म्हणून बाहेरून येणारी गुणगुण कटते. १९६० च्या जॅझ बासवर दोन स्वतंत्र पिकअप आले. त्यांतला एक उलटा गुंडाळलेला असेल तर दोन्ही पूर्ण उघडे असताना गुणगुण थांबते, एकाचा आवाज कमी करताच परत येते. हा बिघाड नव्हे, ती रचनाच तशी आहे.

खरेदी करताना ओहमच्या आकड्यावर भुलू नका. प्रिसिजनचा पिकअप साधारण १० ते ११ किलोओहम भरतो, जॅझचा ७ ते ८. पण वायरची जाडी, वेढे आणि चुंबक बदलले की हा आकडा ताकदीबद्दल काहीच सांगत नाही. जॅझच्या जोडीत ब्रिजकडचा पिकअप बहुधा सुमारे ९५ मिलिमीटर आणि नेककडचा ९२ मिलिमीटर लांब असतो, म्हणून खाच मोजूनच मागवा. जोडीतला एकच बदलला आणि दोन्ही एकत्र उघडल्यावर खालचे स्वर गायब झाले, तर दोघांची फेज उलटी आहे, म्हणजे त्यांचे संकेत एकमेकांना कापतात. नव्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की खालचे स्वर परत येतात, मात्र त्याचे धातूचे आवरण किंवा पोल त्यातल्या अर्थ वायरीला जोडलेले नाहीत याची आधी खात्री करा. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणाऱ्या, सर्किटला २५० किलोओहमचे पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा टोन कपॅसिटर ही रूढ मापे. पिकअप ॲक्टिव्ह असेल तर बहुधा २५ किलोओहमचे पॉट लागतात. जुनेच ठेवले तर व्हॉल्यूम हळूहळू कमी न होता एकदम बंद झाल्यासारखा वाटतो.

सेटअप दुसऱ्याकडून करून घ्यायचा असेल तर वाद्य देताना चार गोष्टी सांगा: कोणत्या जाडीच्या तारा, कोणते ट्यूनिंग, बोटाने वाजवता की पिकने, आणि हात जड की हलका. परत घेताना नेकची फट, सतराव्या फ्रेटवरची उंची आणि पिकअपची उंची हे आकडे लिहून मागा. हवेतला दमटपणा बदलला की नेक पुन्हा हलेल, तेव्हा किती हलली ते या चिठ्ठीवरून कळेल.

एक दोष मात्र तारा, सेटअप आणि पिकअप यांपैकी कशानेच जात नाही. अनेक बासवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लगेच विझतो, कारण त्या कंपनसंख्येला नेक स्वतःच थरथरते आणि तारेची ऊर्जा शोषून घेते. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, छोटे वजन आवळले तर ती जागा एखाद्या फ्रेटने सरकते, एवढेच. म्हणून वाद्य विकत घेण्यापूर्वी त्या तारेचा प्रत्येक फ्रेट दाबून, स्वर विझेपर्यंत ऐकून घ्यावा.

आपले,
वाद्यदुरुस्तीच्या कामातले दोन वाचक