मिठीकाठचं जंगल ‘सुशोभित’ करू नका : नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र धारावीतल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाबद्दल आहे. मागणं जरा उलटं आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. निधी नको, नवा आराखडा नको, भूमिपूजन तर नकोच. या उद्यानाच्या सुशोभीकरणाची फाईल कधी आपल्या टेबलावर आलीच, तर ती आली तशी परत पाठवावी, एवढीच विनंती आहे.

मी शीवचा. लहानपणी शीवहून माहीमला मामाकडे जाताना बस धारावीच्या टोकाला आली की आई नाकाला पदर लावायची. बस कुठवर आली हे कळायला आम्हाला खिडकीबाहेर बघावं लागत नसे. मिठी नदीच्या काठावर शहराचा कचरा येऊन पडत होता आणि त्या कचऱ्यावर घारी फिरत होत्या. आज त्याच ३७ एकरांत शिरलं की दहा पावलांत वाहनांचा आवाज मागे पडतो. माझ्या मुलीला हे खरं वाटत नाही. तिच्या लेखी तिथे कायमच झाडी होती.

कचराभूमी बंद झाल्यावर तिथे जंगल उभारायची कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने मांडली. त्या काळी ऐकणाऱ्यांपैकी किती जण हसले असतील, देव जाणे. १९८३ साली डॉ. सलीम अलींच्या हातून पहिलं रोप लागलं. त्यांचा जन्म १८९६ चा, म्हणजे ऐंशी कधीच उलटलेली. त्या रोपाच्या सावलीत आपण बसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. १९८७ मध्ये ते गेले आणि उद्यान लोकांसाठी उघडलं ते २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी. ते आपल्याच खात्याखालच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

आता सुशोभीकरणाला माझा विरोध का, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एका पायवाटेलगत पाण्याच्या लोटाने करंजाच्या मुळाशी वीतभर माती वाहून गेली होती. खाली वाकून बघितलं. वर दोन बोटं काळीभोर, भुसभुशीत माती, कुजलेल्या पानांची. खाली तांबूस भराव. आणि त्याखाली चपलेचा एक पट्टा, बाटलीची हिरवी काच, प्लास्टिकची चिंधी. करंजाचं करंगळीएवढं मूळ त्या चिंधीला वळसा घालून आत गेलं होतं. अख्ख्या उद्यानाचा हिशेब मला त्या वीतभर खड्ड्यात दिसला. ती वरची दोन बोटं माती कोणी ट्रकने आणून टाकलेली नाही. ती गळलेल्या पानांनी, वाळवीने, गांडुळांनी आणि बुरशीने वर्षानुवर्षं बसून तयार केली आहे. आपल्याकडे बाग सुंदर करायची म्हटलं की पहिला फिरतो खराटा. पाचोळा गोळा होतो, पिशव्यांत भरून बाहेर जातो, आणि दोन बोटांची ती माती पुढच्या दोन पावसांत मिठीला मिळते.

खराट्याच्या मागून येतात पेव्हर ब्लॉक. मग पाणी मुरत नाही, वाहतं. मग खांब, त्यावर रंगीत दिवे. रात्रीचर पक्ष्यांना आणि वटवाघळांना अंधार लागतो, ही साधी गोष्ट निविदेत कुठेच बसत नाही. मग उपाहारगृह, त्याला पाया, पायासाठी खोदकाम, आणि खोदलं की ज्याच्यावर एवढ्या कष्टाने झाकण बसवलं तेच पुन्हा वर. संगीताच्या तालावर नाचणाऱ्या कारंज्याबद्दल मी बोलतच नाही. हौस असेल तर शहरात जागा पुष्कळ आहेत.

नदीच्या बाजूचं दुखणं वेगळं. काठावर तिवरं आहेत. त्यांची पेन्सिलीसारखी श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. भरती यायला हवी, ओहोटीला पाणी जायला हवं, तरच ती जगतात. नदीकाठ ‘विकसित’ करायचा म्हणून संरक्षक भिंत घातली की ती ये-जा थांबते आणि तिवरं उभ्या उभ्या सुकतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मिठीला काय काय केलं होतं, याची शहराला एकदम आठवण झाली : काठ आवळले होते, भराव घातले होते, पात्र वळवलं होतं. विहार आणि पवईच्या तलावांचं पाणी घेऊन सुमारे १८ किलोमीटर धावत माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी, आणि निम्मं शहर तिला नाला म्हणतं. अशा नदीला हातपाय पसरायला जिथे थोडी मऊ जागा उरली आहे, तिथे काँक्रीट कशाला?

इथे इतिहासही आहे, आणि तो फुकट आहे. उद्यानापासून थोड्याच अंतरावर काळा किल्ला आहे. बेस्टच्या डेपोला त्याचं नाव मिळालं म्हणून ते तरी लोकांच्या तोंडी राहिलं. डेपोत रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना किल्ला कुठे आहे विचारा, बहुतेक जण डेपोकडेच बोट दाखवतील. भिंतीत शिलालेख आहे, गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने १७३७ साली बांधल्याचा. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साष्टी बेटात शिरून ठाणं घेतलं आणि दोनच वर्षांत चिमाजी अप्पांनी वसई. खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे साष्टी, आणि मधे ही मिठी. म्हणजे ही नदी एके काळी सरहद्द होती. शाळेत वसईची मोहीम पाठ केलेल्या पोरांना हे जागेवर उभं करून सांगितलं तर सनावळीची भीती अर्धी होईल. खर्च करायचाच असेल तर दोन मराठी फलक लावा : एक किल्ल्यापाशी, दुसरा उद्यानात, ‘तुम्ही कचऱ्यावर उभे आहात’ असं ठळक अक्षरांत सांगणारा. आणि उरलेला सगळा पैसा वरच्या अंगाला, मिठीत सरळ सुटणारं सांडपाणी अडवायला घाला. त्याचं उद्घाटन करायला फीत सापडणार नाही, हे मान्य.

धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा निघते तेव्हा उद्यानाचं काय होणार, असा प्रश्न आसपासचे लोक विचारतातच. आजूबाजूला उंच इमारती येतील, घरं होतील, लोकांना ती हवीतच. पण इमारतींच्या सावलीतलं हे जंगल त्या वसाहतीची ‘हिरवी जागा’ म्हणून हिशेबात धरलं जाऊ नये. नव्या घरांसोबत नवी मैदानं द्या, हे जंगल वेगळं ठेवा. मागे शाळेची सहल आली होती. बाई ‘रांगेत चला’ म्हणून ओरडत होत्या, आणि एक मुलगा रांग सोडून वारुळापाशी उकिडवा बसला होता. ‘काका, ह्यांचं घर कोण पाडत नाय?’ त्याने मला विचारलं. मला पटकन उत्तर सुचलं नाही, तोवर बाईंनी त्याला ओढून नेलं.

आपण एकदा यावं. जुलैत, सकाळी, पाऊस चालू असताना. गाड्यांचा ताफा डेपोपाशी ठेवा आणि आत चालत या. बुटांना चिखल लागेल, डास चावतील, फोटोला उजेड पुरणार नाही. करंजाची ती जागा मी दाखवीन; माती पुन्हा भरून आली असेल तर आपण उकरायची नाही.

आपला,
शीवचा एक रहिवासी