रीस्टार्ट होईपर्यंत थांबलेल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे टाकू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून टाकत नाही. पण आभार चारचौघांत मानू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, तेव्हा हे पत्र उघडच लिहितोय. नव्या लॅपटॉपवर अडलेलं माझं काम तुम्ही फोनवरून मार्गी लावून दिलंत, त्या रात्री मला नीट बोलता आलं नव्हतं. ‘थँक्यू ताई’ एवढंच तोंडातून निघालं, आणि तुम्ही ‘अहो, त्यात काय’ म्हणून फोन ठेवलात. त्यात काय होतं, ते सांगायचं राहून गेलं.

मी सांगली जिल्ह्यातल्या काही गावांच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे. इतरांसाठी थोडं सांगतो. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, त्याची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजली जाते, आणि दर-तक्त्यात बघून त्या लिटरचा भाव ठरतो. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ हा पाया, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५. तिथून पॉइंटामागे पैसे चढतात किंवा उतरतात. दहा दिवसांनी बिल निघतं. त्या बिलातून पेंडीची उधारी वळती होते, सोसायटीचा हप्ता जातो, उरलेलं घरात येतं. दूध संघाने दर बदलला की नवा तक्ता बिलाच्या आधी चढवावा लागतो. तो मी माझ्या लॅपटॉपवर मागच्या बिलांशी ताडून बघतो आणि मगच सर्व्हरवर टाकतो. न ताडता टाकला आणि एखाद्या रकान्यात दहा पैसे इकडचे तिकडे झाले, तर दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाला ते पहिल्यांदा कळतं आणि सचिवाला सगळ्यात शेवटी.

माझ्या इंटेलवाल्या जुन्या मॅकबुकचा डिस्प्ले मधेच काळा पडायला लागला होता. म्हणून ॲपलच्या स्वतःच्या चिपचा नवा घेतला आणि मायग्रेशन असिस्टंटने सगळं इकडून तिकडे आणलं. फोटो आले, मेल आले, वॉलपेपरसुद्धा तोच. ज्यावर माझं पोट आहे तेवढंच आलं नाही. म्हणजे आलं, पण चालेना. ज्या भाषेत मी प्रोग्रॅम लिहितो ते पायथन उठेना, ज्यात सगळा हिशोब साठतो तो पोस्टग्रेस डेटाबेस उठेना, कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट म्हणे डेव्हलपर टूल्सचा पत्ताच चुकीचा आहे. काही कमांडना एकच उत्तर मिळत होतं, ‘बॅड सीपीयू टाइप इन एक्झिक्युटेबल’, म्हणजे हा प्रोग्रॅम या जातीच्या प्रोसेसरचा नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात संघाचं नव्या दराचं परिपत्रक आलं.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी मी कुणाकुणाच्या दारात जाऊन आलो, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी मात्र सांगणार आहे, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

ज्यांनी मशीन विकलं ते म्हणाले, हार्डवेअर ओके आहे, सॉफ्टवेअर आमच्याकडे येत नाही. घेताना मात्र ‘एका तासात जुन्याचं नव्यावर, डोक्याला ताप नाही’ असं हेच म्हणाले होते. हेल्पलाइनवरच्या मुलाने माझा प्रश्न पुरता ऐकलाही नाही, त्याच्यासमोरच्या कागदावर जे होतं ते वाचून दाखवलं आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली. अर्ध्या तासाचे पैसे घेऊन दुरून मशीन बघणारे एक तज्ज्ञ होते. त्यांनी धडाधड दहा-बारा कमांड मारल्या, पायथन उठलं, ‘झालं तुमचं काम’ म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर सगळं होतं तसंच मेलेलं. परत फोन केला तर म्हणाले, माझ्याकडून चालत होतं, आता फॉरमॅट मारा. या धंद्यात माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त असलेल्या एका ओळखीच्यांनी तर ‘मॅक कुणी घ्यायला सांगितला होता’ एवढंच विचारलं. मला त्यांचा राग अजून गेलेला नाही. येत नसेल तर येत नाही म्हणावं, त्यात कमीपणा कसला? पण अडलेल्या माणसाला तूच मूर्ख आहेस असं वाटायला लावून पाठवायचं, ही कुठली रीत?

मग माझ्या पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याने तुमचा नंबर दिला. रात्री साडेनऊ वाजून गेले होते. मागे कुकरची शिट्टी झाली, तुम्ही गॅस बंद करून आलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, ‘जुनं मशीन अजून तुमच्याकडे आहे ना?’ आहे म्हटल्यावर म्हणालात, ‘मग घाबरू नका. आधी त्यावरून डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या माहितीची फाइलमधली प्रत, काढून घ्या, डिस्प्ले चालतोय तोवर. बाकीचं नंतर.’ माझा आवाज तिथेच निम्मा शांत झाला. तोपर्यंत डेटाचं नाव कुणी काढलं नव्हतं. पोस्टग्रेसची डेटाची फोल्डर एका जातीच्या प्रोसेसरवरून दुसऱ्यावर नुसती उचलून ठेवून तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो, रीतसर डंप काढून परत भरायचा असतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

कमांड कुठल्या दिल्या ते इथे लिहीत नाही, त्या कुठेही मिळतील. पण तुम्ही आजार कसा ओळखलात ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही मला दोन खिडक्या उघडायला लावल्यात. एक मॅकचा साधा टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, दुसरी मी ज्यात कोड लिहितो त्या एडिटरमधली. दोन्हींत एकच कमांड द्यायला सांगितलीत, मशीन स्वतःला काय म्हणवतं ते विचारणारी. एकीने उत्तर दिलं ‘आर्म ६४’, म्हणजे नवी चिप, दुसरीने ‘एक्स ८६’, म्हणजे इंटेल. एकच लॅपटॉप, एकाच टेबलावर, आणि दोन उत्तरं! तुम्ही म्हणालात, ‘सापडलं.’

एडिटर जुन्या मशीनवरून जसाच्या तसा आला होता, म्हणजे इंटेलसाठी बांधलेला. मॅक त्याला रोझेटा या ॲपलच्याच दुभाष्यामधून, भाषांतर करत करत चालवत होता, आणि त्याच्या पोटात उघडलेली प्रत्येक गोष्टही इंटेलच्याच वेषात चालत होती. होमब्रू हा आमचा सगळ्या हत्यारांचा कोठार. इंटेलवर तो ‘यूएसआर लोकल’ या फोल्डरमध्ये असतो, नव्या चिपवर त्याची जागा ‘ऑप्ट होमब्रू’. माझ्याकडे जुना कोठार जुन्याच जागी येऊन बसला होता आणि त्या तज्ज्ञांनी नवा त्याच्याशेजारी उभा केला होता. पोस्टग्रेसशी बोलणारी सायकोपीजी लायब्ररी एका खिडकीत बसवली की दुसरीत बिघडायची, कारण तिला लागणारे भाग एकदा या जातीचे मिळायचे, एकदा त्या जातीचे. पायथनची माझी सगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स, म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळे मांडलेले लायब्ररींचे संच, जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत होती. आणि हत्यारं कुठे शोधायची ते सांगणारा, तज्ज्ञांनी दिलेला नवा पाथ फक्त त्या उघड्या खिडकीपुरता होता. खिडकी मिटली, पाथ गेला. सकाळी सगळं मेलेलं का सापडलं, ते मला तुमच्यामुळे कळलं.

मी म्हटलं, रोझेटावरच चालू द्या ना आत्तापुरतं, बिल तर निघेल. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, समजावून सांगितलंत. ॲपलने याआधीही प्रोसेसर बदलले आहेत. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या जुन्या चिप सोडून पॉवरपीसी, २००६ मध्ये इंटेल, २०२० मध्ये स्वतःची चिप. इंटेलच्या वेळीही रोझेटा नावाचाच पूल दिला होता आणि २०११ मध्ये मॅकची लायन ही आवृत्ती आली तेव्हा तो काढून घेतला. आताच्या रोझेटाचाही पूर्ण आधार मॅकओएस २७ पर्यंतच, असं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. ‘आज पुलावर घर बांधलंत तर दोन वर्षांनी परत मलाच फोन कराल,’ असं म्हणून तुम्ही हसलात. मग एडिटर नव्या चिपचा घेतला, जुना कोठार बाजूला ठेवला, एन्व्हायर्नमेंट्स नव्याने उभी केली. यात बराच वेळ गेला. प्रत्येक गोष्ट मीच टाइप करायची, असा तुमचा आग्रह होता. मी वेगळं काही टाइप करायला लागलो तरी तुम्ही अडवलं नाहीत, ‘काय होईल असं वाटतं?’ एवढंच विचारत होतात.

अकराच्या पुढे सगळं चालायला लागलं. तक्ता उघडला, मागच्या बिलांशी ताडून बघितला, जुळला. मी आभार मानायला तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, ‘थांबा. मशीन पूर्ण बंद करून परत चालू करा. मी आहे फोनवर.’

ताई, हे पत्र मी या एका वाक्यासाठी लिहितोय.

मशीन बंद झाल्यावर स्क्रीन शेअर गेला. तुम्हाला दिसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तुमचं जेवण राहिलं होतं, हे मला माहीत होतं. तुम्ही सहज म्हणू शकला असतात की चालू झालं की मेसेज टाका. मी टाकला असता, आणि नसतं झालं तर कदाचित लाजेने टाकलाही नसता. तुम्ही फोन तसाच धरून बसलात आणि मधल्या वेळात विचारलंत, फॅट मोजायचं मशीन सॉफ्टवेअरला कसं जोडता, केबलने की हाताने आकडे टाकता? माझ्या कामाबद्दल असं कुणी विचारून मला वर्षं झाली होती. मी सांगत होतो आणि लॅपटॉप उठत होता. पासवर्ड टाकला, आधी एक खिडकी उघडली, मग दुसरी. दोन्हींनी एकच उत्तर दिलं. तक्ता उघडला. ‘आता झालं,’ तुम्ही म्हणालात.

आमच्याकडे विहिरीवरची मोटर जळाली की मेस्त्री ती रिवाइंड करून आणतो, बसवतो, स्टार्टर दाबतो. पैसे घेऊन तिथूनच गाडीला किक मारणारे मेस्त्री खूप आहेत. आमच्या गावात एक होते, ते पाटात पाणी आलेलं बघितल्याशिवाय हलत नसत. मग कितीही वेळ लागो, बांधावर उभे. त्यांना कुणी फोन करून बोलवत नसे, मोटर जळाली की लोक थेट त्यांच्या घरी जात. तुमच्या त्या वाक्यावर मला ते आठवले.

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. हे मी उगाच मोठं करून बोलत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात नव्या चिपचे पहिले मॅक बाजारात आले आणि पुढच्याच फेब्रुवारीत होमब्रूची ३.० आवृत्ती त्यांच्यासाठी रीतसर तयार होती. ते काम मुख्यतः स्वयंसेवकांनी केलं, नोकरी-धंदा सांभाळून, असंख्य पॅकेजं एकेक करून तपासत. शास्त्रज्ञांच्या सायपाय या पायथन लायब्ररीला तेव्हा फोर्ट्रान या जुन्या भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, लागायचा आणि नव्या मॅकसाठी जीसीसी या मोफत कंपायलर-संचाच्या मूळ आवृत्तीत तो नव्हता. इयन सँडो या गृहस्थांनी त्यासाठी जीसीसीची वेगळी शाखा सांभाळली आणि लोकांनी तीच वापरली. सांगलीतल्या दुधाच्या बिलाशी यातल्या कुणाचा काय संबंध? पण त्यांनी केलं नसतं तर तुम्हाला त्या रात्री मला सांगण्यासारखं काही नसतं. कोट्यवधींचा धंदा करणारे ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणतात, आणि ज्यांना एक रुपया मिळायचा नाही ते रात्र काढून बसतात. मला या दुसऱ्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. तो कुठेतरी लिहून ठेवायचा होता.

पैशांचं विचारलं तर तुम्ही ‘एवढ्याचे कुठे घेतात’ म्हणालात. ठीक आहे, ते मी तुमच्यावर सोडतो. पण तुमचा पत्ता मला सहकाऱ्याकडून मिळाला आहे आणि आईने खरवसासाठी चीक सांगून ठेवला आहे. आमच्या भागात वेतांचा हंगाम सुरू झाला की पहिली फेरी तुमच्याकडे. पुण्याला सकाळच्या एसटीने येईन, नासायच्या आत पोचेन. नाही म्हणू नका.

आणि कळवायचं राहिलं. नवा तक्ता दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनाआधी चढला, बिलं ठरल्या तारखेला निघाली. एका संस्थेच्या सचिवांनी दोन पावत्या हाताने हिशोब करून पडताळल्या, पैशाचाही फरक निघाला नाही. जुनं मशीन तुम्ही सांगितल्याप्रमाणे अजून विकलेलं नाही, डंपची एक प्रत त्यावर आणि एक बाहेरच्या डिस्कवर आहे. तुम्ही विचारलं होतं त्या फॅटच्या मशीनचं जोडणीचं चित्र सोबत पाठवलं आहे. केबलनेच जोडतो, फक्त दोन गावांत अजून हाताने आकडे टाकतात. तिथे काय करता येईल, यावर तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा.

घरच्यांना नमस्कार सांगावा.

कळावे,
आपला नम्र,
सांगलीचा दूध-सॉफ्टवेअरवाला