इतवारीतल्या फ्रेमवाल्या काकांना

काका, नमस्कार.

मे महिन्यात भरतकाम घेऊन आलेली बाई मी. पैसे देताना तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही विचारलं होतं, हे इंग्रजी नाव कोणाचं? जेन बोस्टॉक. तिने १५९८ साली टाक्यांचा नमुनापट भरला. साल घातलेल्या ब्रिटिश नमुनापटांत आज माहीत असलेला सर्वांत जुना तोच, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ॲलिस ली २३ नोव्हेंबर १५९६ ला, मंगळवारी दुपारनंतर जन्मली, एवढं जेनने त्यावर दोऱ्याने लिहून ठेवलंय. बाळ दोन वर्षांचं झाल्यावर! माझंही तसंच झालं. नातीच्या जन्मासाठी सुरू केलेली नक्कल ती बोलायला लागली तेव्हा संपली. जेनचं नाव तिथे 'जे'ऐवजी 'आय'ने सुरू होतं, कारण तेव्हा ही दोन अक्षरं वेगळी मानत नसत. मीही तसंच भरलं.

आधीच्या दुकानात त्यावरच हसले होते. "मॅडम, स्पेलिंग चुकलं न तुमचं." तिथे दिलेला माझा पहिला, छोटा नमुना त्यांनी सरळ गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवला. पावसाळ्यात पिवळे डाग उमटले. विचारायला गेले तर म्हणाले, काचेमागे कोण पाहते? मी पाहते ना! रोज पाहते.

आणि तुम्ही? मी पिशवीतून कापड काढायला लागले तशी तुम्ही "थांबा" म्हणालात. उठून कूलर बंद केलात, तुषार उडतात म्हणून. साबणाने हात धुतलेत. खुंटीवरचा पंचा मळका होता, तर हात तसेच हवेत धरून वाळेपर्यंत उभे राहिलात. भर मे महिन्यात, दुपारी दोनला! मग आधी कापड उलटं करून मागची बाजू पाहिलीत आणि म्हणालात, "गाठ नाही एकही."

काका, चौदा महिन्यांत घरच्यांनीसुद्धा मागची बाजू पाहिली नव्हती. मुलाला तर अजून वाटतं, हे मशीनवर तासाभरात होतं. दुसऱ्याच्या कष्टाला हात लावण्याआधी आपला हात धुवावा, हे कोणी शिकवत नाही. ज्याला कळतं त्याला कळतं.

फ्रेम सुरेख झाली आहे. कडा मागे दोऱ्याने ओढून बांधल्यात, गोंदाचा ठिपकासुद्धा नाही.

दुसरा नमुना सुरू केलाय. तो डिसेंबरात आणीन, म्हणजे कूलर बंद करायला नको.

तुमची,
'आय'वाली बाई