मुक्ताला, रविवारच्या फोननंतर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. दोन रात्री जागलेल्या पोरीला ‘तरी मी सांगत होतो, स्पर्धा परीक्षा दे’ हे ऐकवायची ती वेळ नव्हती. आईने मला तिथेच फैलावर घेतलं. मग गच्चीत जाऊन बसलो, तर तिथेही डोक्यात तेच, तू झोपलीस की नाही.

ऑफिसच्या सर्व्हरवर तुझ्या हातून काय झालं, ते मला दुसऱ्या दिवशी उमगलं. ‘आरएम’ ही कॉम्प्युटरला टाइप करून द्यायची कमांड, म्हणजे पुसून टाक. जुन्या फायलींच्या नावाला चिकटून स्टार (*) द्यायचा होता, म्हणजे त्या नावाने सुरू होणाऱ्याच फायली जातात. मधे एक स्पेस पडली, सुटा स्टार म्हणजे ‘सगळं’, आणि त्या फोल्डरमधलं सगळंच गेलं. एवढ्याशा मोकळ्या जागेने ध चा मा केला. आणि आपण राहतो आनंदवल्लीत, राघोबादादांनी आनंदीबाईंचं नाव दिलेल्या गावात! विनोद आहे, पुन्हा फोन ठेवू नकोस.

समोरच्या पोराकडून दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू सर्व्हर ही सिस्टीम टाकून घेतलीय. माउस नाही, चित्र नाही, नुसती काळी पाटी. सुडोला, म्हणजे पूर्ण अधिकाराने काम करवून घेणाऱ्या कमांडला, पासवर्ड द्यायला गेलो तर काही उमटेना, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड गेला म्हणून एम. जी. रोडवरून ४०० रुपयांचा नवा आणला. पोरगा हसून म्हणाला, काका, तिथे ते दिसतच नसतं.

‘पीडब्ल्यूडी’ वाचून आधी बांधकाम खातंच आठवलं. पण ही कमांड मला आवडली. आपण आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत, तेवढंच सांगते. पुसण्याआधी हे विचारत जा. मग तोच स्टार आधी ‘एलएस’ला, म्हणजे फायलींची नुसती यादी दाखवणाऱ्या कमांडला, देऊन बघ, काय काय जाणार ते समोर दिसतं. इथे रिसायकल बिन नाही. आणि रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक, होऊन बसून राहू नकोस, लागेल तेवढ्यापुरतं सुडो... झालं, सुरू झालो पुन्हा. माफ कर. तुला हे सगळं माझ्याआधी येतं. येत असून चुकलं ते झोप नव्हती म्हणून, एवढंच माझं म्हणणं.

सातपूरला आम्ही मशीन उघडण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवायचो, कोणी चुकून चालू करू नये म्हणून. एकदा माणूस आला नाही, म्हणून मी सलग दुसऱ्या पाळीला थांबलो. पहाटे चारला फ्यूज काढला, खिशात टाकला, हात आत घालणार तेवढ्यात बापूकाकांनी मनगट धरलं. खिशातला फ्यूज शेजारच्या मशीनचा होता. काका काही बोलले नाहीत, नुसतं मनगट धरून उभे राहिले. घरी आलो, तुला शाळेच्या रिक्षात बसवलं आणि दिवसभर छताकडे बघत पडलो. आईला हे अजून माहीत नाही, तूही बोलू नकोस.

तू मात्र लगेच साहेबांना स्वतःहून सांगितलंस. बॅकअपवरून आदल्या रात्रीपर्यंतचं परत आलं, अर्ध्या दिवसाचं गेलं, ते बसून पुन्हा केलंत. माझ्याच्याने असं सांगणं झालं नसतं. हे मी खालच्या मजल्यावर तिघांना ऐकवलंय. त्यांना सर्व्हर म्हणजे काय हे कळलं नाही, पण चहा दिला.

‘डीएफ’ दिलं की डिस्क किती भरली ते टक्क्यांत येतं. मी त्याला दुतोंड्या मारुती म्हणतो, आपल्या नाशिकच्या गोदावरीतला, ज्याच्यावरून पुराचं पाणी मोजतात तो. ५० टक्के म्हणजे कमरेला पाणी, ९० म्हणजे गळ्याशी, मग मेनरोडवरच्यांनी सामान वर हलवायला घ्यावं. आजीने १९६९चा महापूर पाहिलाय. असल्या सिस्टीमचं मूळ असलेलं युनिक्सही त्याच वर्षी अमेरिकेत बेल लॅब्समध्ये सुरू झालं, असं तिला सांगितलं, तर म्हणाली, मुक्ता वेळेवर जेवते का ते विचार.

जेवतेस ना? आणि रात्रपाळी किती दिवस आहे? नाही, राहू दे, तुला जमेल तेव्हा सांग.

आत्ता पावणेबारा झालेत. माझा दुतोंड्या १४ टक्क्यांवर आहे, पावलंसुद्धा भिजलेली नाहीत. आईने चिवडा केलाय, परवाच्या एसटीने दादा आणेल. फोन कर. रात्री नको, रात्री झोप.

तुझा,
बाबा