गोड शिकवणीला आवर घाला

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात पैसा नसतो आणि नेमकं तेव्हाच बाहेरगावचे ख्रिस्ती प्रवचनकार येतात, "बीज पेरा, देव शंभरपट देईल" म्हणून दानाची पाकिटं वाटतात. शेजारच्या मावशींनी जाळं दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले, वर आजार बरा करणारं अभिषेकाचं तेल मिळालंय म्हणून बीपीची गोळी पण बंद केली आणि चक्कर येऊन पडल्या, सुनेने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आता ते प्रवचनकार त्यांना सांगतायत तुमचा विश्वासच कमी पडला. डोकंच फिरतं हे ऐकून!

अहो, बायबलमधल्या प्रेषित पौलाने आपल्या आजारी सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली तरी तो राहिलाच, मग काय पौलाचा विश्वास कमी होता? आणि आपल्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले तर पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. कुठे आली श्रीमंती?

दोष फक्त सांगणाऱ्यांचा नाही. आपल्यालाही पश्चात्ताप वगैरे नको असतो, बंगला नि परदेशातली नोकरी ऐकायला बरं वाटतं. बिरुया गावातले लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघायचे (प्रेषितांची कृत्ये १७:११), आपण मोबाईलवर आलेली क्लिप न बघताच फॉरवर्ड करतो.

चर्चच्या पाळकांनी आता गप्प बसू नये, रविवारच्या उपासनेत यावर स्पष्ट बोलावं, आणि पावसाळ्यातल्या सभांच्या आधी तरी बोलावं.

— एक विश्वासी वाचक, वेंगुर्ला