व्हरमाँटचा दाखला देण्याआधी त्याच्या सनदा वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ नोव्हेंबरचा काळा दिन जवळ आला की महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरच्या भाषणांत जगभरचे दाखले येऊ लागतात. त्यात कधीमधी अमेरिकेतले व्हरमाँटही येते. डोंगरातल्या शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या, न्यूयॉर्क प्रांताला हाकलले, चौदा वर्षे स्वतःचे राज्य चालवले आणि मग मानाने अमेरिकेत सामील झाले, अशी ती गोष्ट. टाळ्या पडतात. पण या गोष्टीत बंदुकीचा वाटा सांगितला जातो त्याहून बराच कमी आणि जमिनीच्या कागदांचा बराच जास्त आहे. उताऱ्यासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या वाचकाला हा कागदांचा भागच अधिक कळेल, म्हणून तो जरा विस्ताराने मांडत आहोत.

व्हरमाँट म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या दुपटीला थोडा कमी पडेल एवढा मुलूख. पूर्वेला कनेक्टिकट नदी, पश्चिमेला शॅम्प्लेन सरोवर. नदीपलीकडच्या न्यू हॅम्पशायर प्रांताचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ याने १७४९ मध्ये इथल्या पहिल्या गावाची सनद दिली आणि गावाला स्वतःच्याच नावावरून बेनिंग्टन म्हटले. १७६४ पर्यंत अशा सव्वाशेच्या वर सनदा वाटून झाल्या होत्या.

सनदेत काय असे ते पाहा. गाव साधारण सहा मैल लांब, सहा मैल रुंद, म्हणजे २३,०४० एकर. त्याचे साठ-सत्तर वाटे. त्यांतला एकेक वाटा धर्मप्रसार करणाऱ्या संस्थेला, चर्चला, गावात येणाऱ्या पहिल्या पाद्र्याला आणि शाळेला. दर पन्नास एकरांमागे पाच एकर पाच वर्षांत लागवडीखाली आणायचे, नाही तर वाटा गेला. आरमाराच्या डोलकाठ्यांना चालतील असे पांढरे पाइन इंग्लंडच्या राजाचे, त्यांना कुऱ्हाड लावायची नाही. सारा म्हणून पहिली दहा वर्षे २५ डिसेंबरला मक्याचे एक कणीस, तेही मागितले तरच. पुढे शंभर एकरांना वर्षाला एक शिलिंग. आणि गव्हर्नरसाहेबांचे पाचशे एकर जवळजवळ प्रत्येक गावात, बहुधा कोपऱ्यात. चार गावांचे कोपरे जुळले की साहेबांचा दोन हजार एकरांचा सलग तुकडा तयार. इनामे लाटण्याची कला आपल्याकडेच होती असे समजू नये. या साऱ्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या अबेनाकी लोकांना मात्र ना न्यू हॅम्पशायरने विचारले, ना न्यूयॉर्कने.

मेख होती ती हद्दीत. न्यूयॉर्क १६६४ ची ड्यूक ऑफ यॉर्कची सनद दाखवून कनेक्टिकट नदीपर्यंतचा मुलूख आपला म्हणत होते. वेंटवर्थचे म्हणणे असे, की मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट या प्रांतांची पश्चिम हद्द हडसन नदीपासून वीस मैलांवर धरतात, तर आमचीही तिथेच धरा. २० जुलै १७६४ रोजी लंडनहून राजाचा हुकूम निघाला. नदीचा पश्चिम काठ ही दोन प्रांतांमधली हद्द 'असावी'. आजपासून असावी की आधीपासून होतीच, याचा खुलासा त्यात नव्हता. शेतकऱ्यांनी पहिला अर्थ धरला, म्हणजे कचेरी बदलली, मालकी तीच. न्यूयॉर्कने दुसरा अर्थ काढला. वेंटवर्थला मुळात अधिकारच नव्हता, तेव्हा त्याच्या सनदा रद्द, पुन्हा फी भरून आमची सनद घ्या, आणि सारा शंभर एकरांना अडीच शिलिंग. वर त्याच जमिनी न्यूयॉर्कने आपल्या माणसांनाही देऊन टाकल्या. १७६७ मध्ये राजाने हे वाटप थांबवायला सांगितले, तरी ते चालूच राहिले. एकाच शेताचे दोन उतारे, दोन वेगळ्या नावांचे, असा तो घोळ.

१७७० मध्ये न्यूयॉर्कमधल्या आल्बनीच्या कोर्टात बेदखलीचे दावे चालले, तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या सनदा पुराव्यात घ्यायलाच न्यायाधीशांनी नकार दिला. 'ग्रीन माउंटन बॉइज' ही या शेतकऱ्यांची हत्यारबंद टोळी आणि तिचा म्होरक्या ईथन ॲलन पुढे आले ते यानंतर. मोजणी झाली नाही तर ताबा मिळत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते. म्हणून आधी मोजणीदाराला पळवायचे, मग न्यूयॉर्कच्या कुळाचे खोपट पाडायचे. जुलै १७७१ मध्ये ब्रेकनरिज नावाच्या शेतकऱ्याला बेदखल करायला आल्बनीचा शेरीफ मोठा जथा घेऊन आला आणि शेतावरची हत्यारबंद माणसे बघून तसाच परत गेला. बेंजामिन हफ या न्यूयॉर्कच्या न्यायदंडाधिकाऱ्याला जानेवारी १७७५ मध्ये दोनशे फटके मारून हद्दपार केले. असे फटके बीच झाडाच्या फोकांनी मारत. त्याला ते 'बीचचा शिक्का' म्हणत, सनदेवरच्या शिक्क्याची थट्टा म्हणून. व्यासपीठावर हा भाग शौर्य म्हणून रंगतो. एकट्यादुकट्या माणसाला झाडाला बांधून मारण्यात आम्हाला शौर्य दिसत नाही, आणि त्याने न्यूयॉर्कचा दावा तसूभरही हलला नाही.

१५ जानेवारी १७७७ रोजी वेस्टमिन्स्टर गावी स्वातंत्र्य जाहीर झाले. नाव आधी न्यू कनेक्टिकट ठरले, जूनमध्ये व्हरमाँट. जुलैत विंडसरला घटना झाली. तिने प्रौढांची गुलामी बंद केली आणि पुरुषांना मालमत्तेची अट न घालता मत दिले. त्या काळात ही मोठीच गोष्ट. तरी काँग्रेस, म्हणजे अमेरिकी राज्यांची मध्यवर्ती सभा, मान्यता देईना, कारण काँग्रेसमध्ये न्यूयॉर्क बसले होते आणि इंग्रजांशी चाललेल्या युद्धात त्याला दुखवणे परवडणारे नव्हते.

या 'स्वतंत्र' काळाची खरी ओळख त्याच्या नाण्यावर आहे. १७८५ मध्ये रूपर्ट गावच्या रूबेन हार्मन याला तांब्याची नाणी पाडायचा परवाना मिळाला. वजन आधी १६० ग्रेन ठरले, ते परवडेना म्हणून १११ ग्रेनवर आणले, म्हणजे सुमारे सव्वासात ग्रॅम. एका बाजूला पाइनने भरलेले डोंगर, त्यामागून उगवणारा सूर्य, पुढे नांगर आणि लॅटिनमध्ये 'व्हरमाँटचे प्रजासत्ताक'. नाणे उलटा. मधोमध डोळा, भोवती तेरा तारे आणि कडेने अक्षरे, 'चौदावा तारा'. एकीकडे प्रजासत्ताक आणि दुसरीकडे अमेरिकेच्या तेरा राज्यांच्या पंगतीत चौदावे पान मागणारा अर्ज, हे दोन्ही एकाच तांब्यावर. स्वातंत्र्य हे त्यांचे मुक्कामाचे ठिकाण नव्हते, हे त्यांनी लपवलेही नाही.

आतून मुलूख एकजीव होता असेही नाही. आग्नेयेच्या गिलफर्ड गावात न्यूयॉर्कला मानणारे इतके होते की काही वर्षे एकाच गावात दोन कारभार चालले. एकाला कर दिला तर दुसरा जप्ती आणणार. शेवटी व्हरमाँटने माणसे पाठवून ते मोडून काढले आणि ज्यांनी न्यूयॉर्कची बाजू धरली त्यांतल्या अनेकांना घरेदारे सोडावी लागली. १७८६ मध्ये न्यूयॉर्कने त्यांना आपल्या हद्दीत जमीन दिली. आणखी एक चूक हावेची. १७७८ मध्ये नदीपलीकडची न्यू हॅम्पशायरची सोळा गावे व्हरमाँटने जोडून घेतली, पुढच्या वर्षी सोडली, १७८१ मध्ये पुन्हा नदीपलीकडची आणि पश्चिमेकडे न्यूयॉर्कचीही गावे घेतली. काँग्रेसने ती सोडण्याची अट घातली, जॉर्ज वॉशिंग्टनने व्हरमाँटचा गव्हर्नर चिटेंडन याला पत्र लिहिले, तेव्हा फेब्रुवारी १७८२ मध्ये ही गावे सोडून द्यावी लागली.

कोंडी फुटली ती वेगळ्याच कारणाने. दक्षिणेतून केंटकी राज्य म्हणून यायला निघाले होते आणि तोल राखायला उत्तरेला आणखी एक राज्य हवे होते. न्यूयॉर्क मऊ झाले. ७ ऑक्टोबर १७९० च्या तडजोडीत व्हरमाँटने तीस हजार डॉलर द्यायचे आणि न्यूयॉर्कने आपला अंमल व आपल्या सनदांचा हक्क सोडायचा असे ठरले. हद्दीची रेषा सरोवराच्या दक्षिणेला कशी आखली? न्यू हॅम्पशायरने सनद दिलेल्या सर्वांत पश्चिमेकडच्या गावांच्या पश्चिम कडेने. म्हणजे गाव हाच घटक. ४ मार्च १७९१ रोजी व्हरमाँट चौदावे राज्य झाले.

व्हरमाँटवरून आपल्याकडे बोलायचे असेल तर ते इथून बोलावे. १९५६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि उरलेला जिल्हा म्हैसूरला गेला. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली, पण बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. खेडे हा घटक, सलगता आणि भाषिक बहुमत, ही महाराष्ट्राची जुनी मागणी पाटसकर सूत्रातली, म्हणजे आंध्र-मद्रास सीमावादात पाटसकरांनी लावलेल्या निकषांतली आहे. तिला व्हरमाँटच्या हद्दरेषेचा आधार घेता येतो, फोकांच्या फटक्यांचा घेता येत नाही. बाकी साम्य इथेच संपते. आपण सनद घेऊन आलेले वसाहतवाले नाही. इथली शेते पिढीजात आहेत आणि मालकीचा वाद नाही. वाद उताऱ्यावरच्या लिपीचा आणि कचेरीतल्या भाषेचा आहे.

कायदाही उलटा आहे. एका राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढायला अमेरिकेच्या घटनेत त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते, म्हणून व्हरमाँटला न्यूयॉर्कची मनधरणी करावी लागली. आपल्या घटनेच्या कलम ३ खाली राज्यांच्या विधिमंडळांचे मत मागवले जाते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते आणि साधे बहुमत पुरते. आंध्र आणि मद्रास यांच्यातली गावे १९५९ च्या कायद्याने याच वाटेने इकडची तिकडे झाली. फरक एवढाच की तिथे दोन्ही राज्ये पाटसकरांचे सूत्र आधीच मान्य करून बसली होती.

आपले,
इतिहास आणि महसुली कागदपत्रांचे काही अभ्यासक,
बेळगाव